तोंडाच्या कॅन्सरनंतर चेहरा पुन्हा घडवता येतो

तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस मरणाला जितका भितो, तितकाच ‘तोंड वाकडं होईल’ याला भितो. जबडा काढावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की काही जण फाईल उचलून घरी निघून जातात. कुणी झाडपाल्याचे औषध सुरू करतो, कुणी ‘हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो’ असे सांगणाऱ्याचे ऐकतो. दोन-तीन महिन्यांनी परत येईपर्यंत गाठ मानेत उतरलेली असते. बंधू-भगिनींनो, कॅन्सर हत्याराने पसरत नाही, उशिराने पसरतो. म्हणून काढलेला भाग पुन्हा कसा घडवतात, ते आज समजून घेऊ.

ही हौस नाही, उपचार आहे

गाल, जीभ किंवा जबडा काढून जागा तशीच सोडली तर लाळ गळते, घास तोंडात टिकत नाही, बोललेले समजत नाही. ती जागा भरून काढतात, तिला पुनर्रचना शस्त्रक्रिया म्हणतात. लोक तिला प्लास्टिक सर्जरी म्हणतात, पण त्यात प्लास्टिक नसते. रुग्णाच्याच अंगातली कातडी, मांस आणि हाड वापरतात.

• जीभ किंवा गालाच्या आतल्या भागासाठी मनगटाच्या वरची पातळ कातडी घेतात.
• जागा मोठी असेल तर छातीचे मांस कातडीसकट मानेखालून वर वळवतात.
• जबड्यासाठी पायातले नडगीशेजारचे बारीक हाड घेतात. अंगाचा भार नडगीचे जाड हाड पेलते, त्यामुळे रुग्ण पुन्हा चालू लागतो.

हात-पायातून आणलेल्या भागाची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने जोडतात. पुष्कळदा एक डॉक्टरांचा गट गाठ काढतो आणि त्याच वेळी दुसरा नवा भाग तयार करतो. यात आठ-दहा तास जाऊ शकतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी वेळ लागला म्हणून घाबरू नये.

ही विद्या आपल्या मातीतली

१७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळची एक हकिकत छापून आली. कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा मराठी माणूस. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक घडवून दिले. ती हकिकत वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या डॉक्टरने १८१४ साली तसेच ऑपरेशन केले. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र छापले गेले नाही. राबणाऱ्या हातांकडे ज्ञान नव्हते असे कुणी म्हणाले, तर ही गोष्ट सांगा.

ऑपरेशननंतरचे दिवस

सुरुवातीचे दोन-तीन दिवस नर्स दर तासाला बसवलेला भाग तपासते. तो पांढरा पडला तर रक्त पोचत नाही, निळा-काळा पडला तर रक्त परत जात नाही. अशा वेळी रुग्णाला तातडीने पुन्हा थिएटरमध्ये नेतात. तंबाखू आणि विडीने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून ‘एक चिमूट’सुद्धा देऊ नका.

नाकातल्या नळीने पातळ अन्न देतात. कधी श्वासासाठी मानेला छिद्र असते. तेव्हा आवाज फुटत नाही, म्हणून पाटी-पेन्सिल जवळ ठेवा. लिहिता येत नसेल तर खुणा आधीच ठरवा. सूज उतरायला काही महिने लागतात. पहिल्या आठवड्यात आरशात दिसतो तो शेवटचा चेहरा नसतो.

घरी आल्यावर तोंड उघडण्याचे, गिळण्याचे, बोलण्याचे आणि खांद्याचे व्यायाम सांगितल्याप्रमाणे रोज करा. नव्या कातडीला चटका कळत नाही, म्हणून चहा आणि डाळ कोमट करून द्या. शेक घ्यायला सांगितले असेल तर तारीख चुकवू नका.

आणि ताट वेगळे काढू नका. कॅन्सर उष्ट्याने, श्वासाने किंवा स्पर्शाने लागत नाही. वेगळे ताट आणि वेगळा पेला माणसाचे काय करतात, हे आपल्या वस्तीला कुणी शिकवायला नको. रुग्ण हळू जेवतो, घास सांडतो. तरी त्याला पंगतीत घ्या.

ऑपरेशनआधी हे विचारा

१. काढलेली जागा कशाने भरणार? त्याच दिवशी की नंतर?
२. खाणे आणि बोलणे किती परत येईल?
३. दात बसवता येतील का?
४. शेक लागेल का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत कॅन्सरची ऑपरेशने होतात. रेशनकार्ड, ओळखपत्र आणि तपासणीचे कागद घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यावी लागते. तिच्यात पुनर्रचना धरली आहे ना, हे स्पष्ट विचारा.

गाठ लहान असतानाच आलात तर काढायचे थोडे असते आणि घडवायचेही थोडे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर सरकारी रुग्णालयात दाखवा. घरात तंबाखू किंवा मिश्री लावणारे जितके आहेत, त्या सगळ्यांचे तोंड आज रात्री बॅटरीच्या उजेडात बघा. आजीचेही बघा.