सत्यकथनाची शिस्त : अमेरिकन विद्यापीठांतील एका लेखन-अभ्यासक्रमाचा परिचय

काय घडले, हे बातमी सांगते. किती घडले, हे अहवाल सांगतो. परंतु ज्याच्या जीवनात ते घडले, त्या माणसाला त्याचा अर्थ काय वाटला, या प्रश्नाचे उत्तर बातमीत वा अहवालात क्वचितच सापडते. ते शोधू पाहणारा एक लेखनप्रकार गेल्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, विकास पावला. कथा-कादंबरीप्रमाणे त्यात प्रसंग असतात, माणसे असतात, संवाद असतात. मात्र त्यातील काहीही कल्पित असता कामा नये, ही त्याची मूलभूत अट आहे. त्यास कथनपर पत्रकारिता असे म्हणता येईल. मराठी वाचकांस परिचित असलेला रिपोर्ताज हा त्याचा जवळचा आप्त होय.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत हा विषय पदव्युत्तर स्तरावर शिकविला जातो. लेखन ही उपजत देणगी असते, ती शिकविता येत नाही, असा समज आपल्याकडे रूढ आहे. या अभ्यासक्रमांत प्रत्यक्षात काय शिकविले जाते हे पाहिले, की त्या समजाचा फेरविचार करावा लागतो. शासकीय सेवक, शिक्षक व पंचायतींचे सदस्य यांनाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

लेखनप्रकाराची जडणघडण

या प्रकारातील आद्य आदर्श म्हणून जॉन हर्सी यांच्या ‘हिरोशिमा’ या लेखाचा उल्लेख केला जातो. अणुबॉम्ब पडल्यानंतर सुमारे वर्षभराने, ३१ ऑगस्ट १९४६ च्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने आपला संपूर्ण अंक या एकाच लेखास दिला. मृतांचे आकडे जगाला तोवर ठाऊक झाले होते. हर्सी यांनी वाचलेल्या सहा व्यक्ती निवडल्या आणि स्फोटाच्या क्षणापासून त्यांचे काय झाले ते संयत शब्दांत सांगितले. संख्या वाचून जे उमगले नव्हते, ते सहा माणसांच्या हकिगतीवरून वाचकांस उमगले.

पुढे १९७३ मध्ये टॉम वुल्फ यांनी ‘द न्यू जर्नालिझम’ या संकलनात या प्रकाराची चार साधने सांगितली : निवेदनाऐवजी दृश्यामागून दृश्य उभे करणे, संवाद पूर्ण नोंदविणे, प्रसंग त्यातील एखाद्या व्यक्तीच्या नजरेतून दाखविणे आणि पोशाख, घरातील वस्तू, वागण्याबोलण्याची रीत अशा बारकाव्यांतून माणसाचे सामाजिक स्थान सूचित करणे. ही चारही साधने कादंबरीकाराची आहेत, हे उघड आहे. कादंबरीकार ती कल्पनेच्या बळावर वापरतो, पत्रकाराला ती पुराव्याच्या बळावर वापरावी लागतात. या अभ्यासक्रमाचा सारा भर या एका भेदावर आहे.

विद्यापीठांतील प्रवेश

जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये पत्रकारितेचे विद्यालय सुरू झाले. दुसरी परंपरा लेखन-कार्यशाळेची. आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये सर्जनशील लेखन पदव्युत्तर प्रबंध म्हणून स्वीकारण्याचे ठरविले आणि १९३६ मध्ये तेथे प्रसिद्ध लेखन-कार्यशाळा स्थापन झाली. याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात मराठी कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात होते. आरंभी या कार्यशाळेत कथा व कविता यांनाच स्थान होते. कालांतराने वास्तवलेखनासाठी आयोवाने स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. बाल्टिमोर येथील गाउचर महाविद्यालयाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी वर्षातून थोडे दिवस एकत्र येत आणि एरवी आपापल्या गावी राहून, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लेखन करीत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली.

अशा प्रकारे पत्रकारितेने शोध दिला आणि कार्यशाळेने रचना दिली. १९७४ मध्ये आयोवाची पदवी घेतलेले ट्रेसी किडर हे या संगमाचे उत्तम उदाहरण होत. संगणक बनविणाऱ्या अभियंत्यांवरील त्यांच्या पुस्तकास १९८२ चे पुलित्झर पारितोषिक लाभले. पुढे ते मॅसॅच्युसेट्समधील होल्योक या गावी पाचवीच्या एका वर्गात संपूर्ण शैक्षणिक वर्षभर बसले. त्यातून १९८९ मध्ये ‘अमंग स्कूलचिल्ड्रेन’ हे पुस्तक सिद्ध झाले. एका सामान्य शिक्षिकेचे दैनंदिन काम हा ग्रंथाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी ध्यानी घ्यावी अशी आहे.

अभ्यासक्रमात काय शिकवितात?

पहिला धडा सहवासाचा. तासाभराच्या मुलाखतीत माणूस आपले ठरावीक म्हणणे सांगतो. त्याचे खरे जगणे दिसण्यासाठी लेखकाने त्याच्याजवळ दिवसेंदिवस, कित्येकदा महिनोन्‌महिने राहावे लागते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. जॉन्सन यांनी काँग्रेसचे सदस्य या नात्याने टेक्सासच्या डोंगराळ भागात वीज आणली, एवढे विधान त्यांच्या चरित्रात सहज उरकता आले असते. परंतु ते लोक आपल्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत असे जाणवल्यावर कॅरो स्वतः त्या भागात राहावयास गेले. तेथील वृद्ध स्त्रियांनी वीज येण्यापूर्वीचे दिवस त्यांना सांगितले. एकीने तर जुनी बादली काढून दिली आणि विहिरीतून पाणी ओढून पाहण्यास सांगितले. ती भरलेली बादली ओढताना कॅरो यांना तिचे खरे वजन कळले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात, पाणी ओढणे, कपडे धुणे, तापविलेल्या लोखंडी इस्त्र्या उचलणे यांत झिजलेल्या त्या स्त्रियांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. ग्रामीण विद्युतीकरणाचे महत्त्व ते ज्या रीतीने पटविते, त्या रीतीने खांबांची व तारांची आकडेवारी पटवू शकत नाही.

दुसरा धडा कागदपत्रांचा. माणसाची स्मृती प्रामाणिक असूनही चुकते. म्हणून न्यायालयाचे निकाल, जमिनीचे दस्तऐवज, रुग्णालयाच्या नोंदी, जुनी वृत्तपत्रे, हवामानाचे तक्ते यांच्याशी प्रत्येक विधान ताडून पाहावे लागते. ‘त्या सकाळी पाऊस पडत होता’ एवढे वाक्य लिहायचे तरी त्याला आधार हवा.

तिसरा धडा रचनेचा. प्रिन्स्टन विद्यापीठात १९७५ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांना शिकवू लागलेले जॉन मॅकफी यांची पद्धत पदव्युत्तर वर्गांतही अभ्यासली जाते. ते टिपणे टंकलिखित करीत, कात्रीने कापून विषयवार लावीत आणि प्रत्येक प्रसंगासाठी एक पत्रिका करून पत्रिकांचा क्रम पुनःपुन्हा बदलून पाहत. शेवट कोठे होणार हे ठरल्याशिवाय लेखनाला हात घालावयाचा नाही, असा त्यांचा परिपाठ असे.

चौथा धडा चर्चेचा. थोड्या विद्यार्थ्यांच्या वर्गात एकाचा मजकूर सर्वांना अगोदर वाटतात. चर्चेच्या वेळी लेखकाने बहुधा गप्प राहावयाचे असते. ‘हे तुम्हाला कसे कळले?’, ‘ही व्यक्ती असे का वागली?’, ‘येथे वाचक थांबेल का?’ असे प्रश्न सहाध्यायी विचारतात. आपले लिखाण दुसऱ्याला कसे वाचावेसे वाटते वा का वाटत नाही, याचे हे ज्ञान एकांतात मिळत नाही.

अखेरीस प्रबंधाच्या जागी पुस्तकाएवढे वा त्याच्या काही प्रकरणांएवढे लेखन सादर करावे लागते. कोलंबियामध्ये सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या वर्गात विद्यार्थ्याला प्रकाशकाकडे पाठविण्याजोगा प्रस्ताव तयार करावा लागे. पुस्तकाचे सूत्र, प्रकरणांची रूपरेषा आणि एक नमुना-प्रकरण हे त्याचे घटक होत.

काही पथ्ये

या लेखनप्रकाराचे सामर्थ्य जेवढे मोठे, तेवढाच त्याचा मोहही मोठा. ट्रूमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’ या गाजलेल्या पुस्तकातील शेवटचा दफनभूमीतील प्रसंग घडलेलाच नव्हता, हे पुढे उघड झाले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९८० मध्ये आठ वर्षांच्या एका व्यसनाधीन मुलाची हृदयद्रावक हकिगत छापली. लेखिका जॅनेट कुक यांना १९८१ मध्ये पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले आणि असा मुलगाच अस्तित्वात नाही हे निष्पन्न झाल्यावर ते परत करावे लागले. म्हणून अनेक व्यक्तींचे मिश्रण करून एक पात्र बनवू नये, न ऐकलेला संवाद साक्षीपुराव्याविना लिहू नये आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला लेखनाचा हेतू व परिणाम यांची कल्पना द्यावी, ही पथ्ये विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविली जातात.

मुंबईतील एक उदाहरण

या शिस्तीचे एक ठळक उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. अमेरिकन पत्रकार कॅथरिन बू यांनी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळालगतच्या अण्णावाडी या वस्तीचा नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११ या काळात अभ्यास केला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरेव्हर्स’ या पुस्तकास त्याच वर्षी अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. वस्तीतील माणसांशी झालेल्या संभाषणांना लेखिकेने तीन हजारांहून अधिक सार्वजनिक नोंदींची जोड दिली. त्यांतील पुष्कळशा नोंदी माहितीच्या अधिकाराखाली, दीर्घ पाठपुराव्यानंतर मिळविलेल्या होत्या. एका जळीत प्रकरणात भाजल्याचे प्रमाण कागदावर ३५ टक्क्यांचे ९५ टक्के झाले, असे या पुस्तकात नमूद आहे. नोंदीतील एक आकडा बदलला की एखाद्या कुटुंबाची दैना कशी होते, हे त्या कथनातून कळते. कार्यालयातील नोंदवही ही कोणाच्या तरी आयुष्याची साक्ष असते, हे प्रत्येक नोंद घेणाऱ्याने स्मरणात ठेवावे.

मराठीतही ही वाट नवी नाही. व्यवसायाने डॉक्टर असलेले अनिल अवचट यांनी बिहारमधील दुष्काळावरील ‘पूर्णिया’ (१९६९) व पुढे ‘माणसं’ (१९८०) या पुस्तकांतून, प्रत्यक्ष हिंडून, पाहून व ऐकून उपेक्षितांचे जगणे शब्दबद्ध केले. अशा लेखनासाठी परदेशी पदवीच हवी असे नाही. शिस्त मात्र हवीच.

आपल्यासाठी बोध

विकासयोजनांच्या प्रसिद्धीत ‘यशोगाथा’ हा प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. विहीर झाली, बागायत वाढली, कुटुंब सुखी झाले, या साच्यात ती बहुधा बसविलेली असते. लाभार्थ्याचे नाव बदलले तरी मजकूर तसाच राहावा, इतका हा साचा कायम झाला आहे. वाचकाचा अशा मजकुरावर विश्वास बसत नाही आणि त्यामुळे खरोखर चांगले झालेले कामही झाकोळते.

उपरोक्त अभ्यासक्रमाची कसोटी येथे लावून पाहावी. विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते? ते कोण ओढते? अनुदानाचा हप्ता येईपर्यंत उसनवारी कोणाकडून केली? शेजाऱ्याच्या विहिरीवर काय परिणाम झाला? अर्ज कितव्या खेपेस मंजूर झाला? पेरणी, काढणी व उन्हाळा अशा तीन वेळा त्या शेतावर जाऊन हे प्रश्न विचारले आणि उत्तरे दप्तराशी ताडून पाहिली, तर हाती येणारी हकिगत कदाचित कमी गोड असेल. परंतु ती खरी असेल आणि पुढील योजना आखणाऱ्याला उपयोगी पडेल. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या तळ्याचा, बाजाराचा वा शाळेचा असा वृत्तान्त लिहून घेता येईल. पंचायतीला आपल्या इतिवृत्तात ठरावाबरोबर मतभेदही नीट नोंदविता येतील.

योजनेतील त्रुटी लपविणारा वृत्तान्त शासनाचे हित साधत नाही. ज्या माणसासाठी योजना आखली, त्याला तो वृत्तान्त वाचून दाखविला असता ‘हे असेच घडले’ असे तो म्हणाला, तरच ते लेखन उतरले असे समजावे. त्यानंतर शैलीचा विचार.