लष्कर कासवांवर पैसा का खर्च करतं?

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे तेच प्रश्न येतात. एआय-डेटा सायन्स मिळेल का? नाहीच मिळालं तर मॅनेजमेंट कोट्यातून घ्यायचं का? पुढे अमेरिकेत एमएससाठी घर तारण ठेवलं तर चालेल का? आणि या सगळ्यांच्या शेवटी, आवाज खाली आणून विचारलेला एक प्रश्न: ‘मुलगी वन्यजीवांचं काहीतरी करायचं म्हणते. त्यात पैसा कोण देणार?’

इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षा या वाटांची माहिती प्रत्येक चौकात मिळते, म्हणून त्यांच्याबद्दल आज लिहीत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर देतो, कारण तो प्रश्न योग्य आहे. फक्त पालक त्याचं उत्तर न शोधताच मुलीला गप्प करतात.

एक उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विन हे अमेरिकी भूदलाचं सराव केंद्र आहे. अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठी ही जमीन रणगाड्यांच्या अख्ख्या ब्रिगेडला लढाईचा सराव करता यावा म्हणून राखलेली आहे. त्याच जमिनीत बिळं करून मोहावीचं कासव राहतं. आयुष्याचा बहुतेक काळ ते जमिनीखाली काढतं, त्यामुळे रणगाडा चालवणाऱ्याला ते दिसतही नाही. १९९० मध्ये या कासवाला अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचं संरक्षण मिळालं. हा कायदा लष्करालाही लागू आहे. एखाद्या कामामुळे अशा प्रजातीचं अस्तित्वच धोक्यात येणार असेल, तर ते काम तसंच रेटता येत नाही. आधी वन्यजीव खात्याशी सल्लामसलत करावी लागते. शिवाय साइक्स कायद्यातल्या १९९७ च्या दुरुस्तीने लष्करी तळांना आपल्या जमिनीवरच्या निसर्गसंपत्तीचा व्यवस्थापन आराखडा करणं भाग पडलं.

पैसा इथून येतो. सराव थांबवणं लष्कराला परवडत नाही आणि कायदा मोडता येत नाही. म्हणून कासवं कुठे आहेत, कुठे असू शकतील, हलवायची तर कुठे, याची भरवशाची उत्तरं लष्कराला विकत घ्यावी लागतात. १९९० मध्येच अमेरिकी काँग्रेसने ‘सर्डप’ नावाचा पर्यावरण संशोधन कार्यक्रम उभा केला. संरक्षण खातं तो ऊर्जा खातं आणि पर्यावरण संरक्षण संस्थेच्या साथीने चालवतं. कोणत्या प्रश्नांवर संशोधन हवं ते दरवर्षी जाहीर होतं, विद्यापीठं आणि प्रयोगशाळा प्रस्ताव पाठवतात, तज्ज्ञ ते तपासतात आणि निवडलेल्या प्रकल्पांना काही वर्षांचा निधी मिळतो. विद्यापीठाच्या अशा प्रकल्पांत बरंचसं काम पीएचडीचे विद्यार्थी करतात आणि त्यांचा पगारही त्याच पैशातून निघतो.

चुकीच्या उत्तराची किंमतही मोठी असते. २००८ मध्ये फोर्ट अर्विनच्या विस्तारासाठी पाचशेहून अधिक कासवं दुसरीकडे हलवली. दुष्काळ होता, नेहमीचं भक्ष्य न मिळालेल्या कायोटी या लांडग्यासारख्या प्राण्यांनी त्यातली बरीच मारली आणि पुढचं स्थलांतर थांबवावं लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मोहावी आणि सोनोरा वाळवंटाच्या काही भागांतल्या कासवाच्या अधिवासाचं मॉडेल प्रसिद्ध केलं. पाऊस, माती, चढउतार, वनस्पती अशा माहितीचे १६ थर आणि कासव आढळल्याच्या पंधरा हजारांहून अधिक नोंदी घेऊन त्यांनी प्रत्येक चौरस किलोमीटरला शून्य ते एकच्या दरम्यान एक आकडा दिला: इथली परिस्थिती कासवाला किती मानवेल?

हे काम कॅमेरा गळ्यात अडकवून फिरण्याचं नाही, हे मुलांनीही समजून घ्यावं. कासव दिसलं, याची नोंद असते. नव्हतंच, याची खात्रीशीर नोंद जवळजवळ कधीच नसते. बिळात असलेलं कासव पाहणाऱ्याला ‘नाही’ वाटतं. माणसं रस्त्याच्या कडेने जास्त फिरतात, म्हणून नोंदीही रस्त्याजवळ जास्त जमतात, आणि सावध नसाल तर मॉडेल सांगतं की कासवाला रस्ते आवडतात! हा गोंधळ ओळखायला संभाव्यताशास्त्र लागतं आणि कासवाचं वागणंही ठाऊक असावं लागतं. दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत. नुसतं सॉफ्टवेअर चालवणारी भरपूर आहेत. मॅक्सेंट आणि आर ही सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात.

म्हणून अकरावीला बायोलॉजी घेतलं की गणित सोडायचं, ही आपल्याकडची सर्रास सवय मला घातक वाटते. वन्यजीवांची ओढ असलेल्या मुलीने गणित ठेवावं. संख्याशास्त्रात बीएससी करून पुढे जैवविविधतेकडे वळावं, किंवा प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र करताना संख्याशास्त्र आणि जीआयएस शिकावं. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एमएससी आहे. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस इथले वन्यजीव अभ्यासक्रम देशभर नावाजलेले आहेत. गेट परीक्षेत परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर आहे, हे तर कित्येक क्लासवाल्यांनाही माहीत नसतं.

आपल्या देशातही हाच पेच आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावरून जवळपास नाहीसा झालेला माळढोक पक्षी आज मुख्यतः राजस्थानच्या थर वाळवंटात तग धरून आहे, आणि त्याच्या उरल्यासुरल्या जागांमध्ये पोखरणची लष्करी चांदमारी आहे. त्याच्या संवर्धनासाठी केंद्राने २०१६ मध्ये कॅम्पा निधीतून सात वर्षांकरता ३३.८५ कोटी रुपये मंजूर केले. काम वन्यजीव संस्थेकडे आहे. माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात. म्हणून तारा कुठे जमिनीखाली घ्यायच्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिथेही प्रश्न हाच होता की पक्षी नेमका कुठे वावरतो.

अडचणी लपवत नाही. जागा कमी आहेत. अमेरिकेच्या लष्करी तळावर परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश मिळणं कठीण असतं, काही प्रकल्पांत अमेरिकी नागरिकत्वाची अट असते, आणि सरकारचं धोरण बदललं की निधी आटतो. झटपट पगार हवा असेल तर ही वाट धरू नका.

पण पालकांना स्पष्ट सांगतो. ज्या मुलाला संगणकात रस नाही त्याला निव्वळ शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून कर्ज काढून एमएसला पाठवणं ही काळजी नव्हे, जबरदस्ती आहे. हप्ते सुरू झाले की त्या मुलाला नापसंत नोकरीही सोडता येत नाही. आणि जी मुलगी चार वर्षं तुम्हाला एकच गोष्ट सांगते आहे, तिला ‘छंद म्हणून कर’ म्हणणं हा तिचा अपमान आहे.

ती परदेशात पीएचडीला जायचं म्हणाली, तर विद्यापीठाच्या क्रमवारीआधी प्राध्यापकांचे चालू प्रकल्प पाहायला सांगा. निधी कोणाचा, किती वर्षांचा, विद्यार्थ्याची फी आणि पगार त्यातून निघतो का, परदेशी विद्यार्थी चालतो का, हे तिने अर्ज भरण्याआधी प्राध्यापकांना पत्राने विचारावं. तिथे असं विचारण्याची रीतच आहे. फी आपणच भरायची असं उत्तर आलं, तर त्या जागेसाठी कर्ज काढू नका. दुसऱ्या प्राध्यापकाला लिहू द्या.