धारोष्ण दूध आणि आतड्याचा जुनाट दाह

मागील गाळप हंगाम सरत आला असता इंदापूर तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या बावीस वर्षांच्या मुलास घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाने कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोके पाडून तो आवळला होता, आणि वडिलांच्या हातातील खताच्या दुकानाच्या पिशवीत दोन वर्षांचे केसपेपर, सोनोग्राफीचे अहवाल व क्षयाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सुतळीने एकत्र बांधलेली होती. उजव्या कुशीत कळ, अधूनमधून ताप, रात्री झोपेतून उठवणारी हगवण, अशी त्याची कैफियत ऐकून होताच वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या गोठ्यातली एक गाय अशीच झिजून गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी जोन्स सांगितला होता. पोराला तिचाच रोग लागला का हो?"

या प्रश्नाला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. जोन्स रोगात गाय चारा खात असते, तिला ताप नसतो, आणि तरीही पातळ हगवणीने ती महिनोन्महिने खंगत जाते, पुढे जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबू लागते, आणि मेल्यावर पाहावे तर आतड्याची भिंत जाड होऊन तिला वळ्या पडलेल्या असतात. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे योने व फ्रॉदिंगहॅम यांनी 1895 साली या रोगाचे वर्णन केले. त्याचा जंतू क्षयजंतूच्याच कुळातला असून त्यास संक्षेपाने 'मॅप' म्हणतात. वासराला तो बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शेणाने माखलेल्या सडांतून वा दुधातून लागतो, आणि लक्षणे दिसतात ती काही वर्षांनी, जेव्हा त्याच वासराची दुभती गाय झालेली असते. ग्लासगोचे शल्यविशारद डॅल्झेल यांनी 1913 मध्ये माणसांच्या आतड्यांतील एका जुनाट दाहाचे वर्णन करताना गुरांच्या या रोगाशी असलेले त्याचे साम्य आवर्जून नोंदवले. 1932 साली न्यूयॉर्कच्या क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 14 रुग्णांवरून लिहिलेल्या निबंधामुळे त्या दाहास क्रोन्स हे नाव पडले, आणि 1984 मध्ये संशोधक चिओदिनी यांनी काही क्रोन्स रुग्णांच्या आतड्यांतून मॅप जंतू वाढवून दाखवला.

जठरातील व्रण हा चिंतेचा व तिखटाचा परिणाम, असे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ मानत आले असता मार्शल व वॉरन यांनी त्यामागील जंतू उजेडात आणला व 2005 चे नोबेल पारितोषिक मिळवले. तेव्हा क्रोन्सच्या मुळाशीही जंतू निघेल ही आशा अनाठायी म्हणता येत नाही. परंतु साक्षीपुरावा अद्याप पुरा पडलेला नाही. मॅपविरुद्धची तीन प्रतिजैविके 213 रुग्णांच्या चाचणीत ऑस्ट्रेलियात दोन वर्षे वापरून पाहिली. पहिल्या 16 आठवड्यांत थोडा गुण दिसला, पण तो टिकला नाही, असे 2007 साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये जोन्सग्रस्त गोठ्यांत वावरणाऱ्या शेतकऱ्यांची पाहणी झाली, तीतही त्यांना क्रोन्स अधिक होतो असे आढळले नाही. पडक्या वाड्यात घूस सापडली म्हणून वाडा तिनेच पाडला असा निवाडा आपण देत नाही; दाहाने सच्छिद्र झालेल्या आतड्यात जंतू मागाहूनही शिरू शकतो. आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यात नित्य नांदणाऱ्या असंख्य जंतूंचा बिघडलेला समतोल, आणि त्या जंतूंवर भलत्याच त्वेषाने तुटून पडणारी शरीराची संरक्षक यंत्रणा, या तिहींच्या संयोगाने हा रोग होतो, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात व मलाही तेच पटते. म्हणून मॅपवरील प्रतिजैविकांचा आग्रह कृपा करून धरू नका.

आपल्या मुलखात मात्र जंतूचा प्रश्न दुसऱ्या, अधिक निकडीच्या रूपाने उभा राहतो, आणि तो म्हणजे खुद्द क्षयाचा. लहान व मोठे आतडे जेथे मिळते ती उजव्या कुशीतील जागा क्षयाला आणि क्रोन्सला सारखीच प्रिय आहे; दोहोंत व्रण होतात, मार्ग अरुंद होतो, वजन उतरते. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि आत क्षय असला तर तो वणव्यासारखा पसरतो. क्षय समजून गोळ्या चालवल्या आणि आत क्रोन्स असला तर मोलाचे महिने वाया जातात, आतडे आकसत राहते, यकृतावर ताण येतो तो वेगळाच. या मुलाला सहा-सहा महिन्यांचे क्षयाचे दोन कोर्स दिले गेले होते, आणि त्या साऱ्या दफ्तरात आतड्याचा तुकडा तपासल्याचा एकही कागद नव्हता, हे पाहून मला फार वाईट वाटले.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे की, चार आठवड्यांहून अधिक काळ हगवण, शौचातून रक्त वा आव, रात्री शौचाला उठावे लागणे, उतरते वजन किंवा वारंवार होणारे भगंदर, यांपैकी काही असेल तर प्रथम विष्ठा तपासून आमांश व इतर साधे संसर्ग वगळावेत, आणि मग दुर्बिणीची तपासणी करवून एकाऐवजी अनेक तुकडे घ्यावेत. क्षयात त्या तुकड्यांतील गाठींच्या मध्यभागी चक्क्यासारखा मऊ मृत भाग आढळला तर निदान सोपे होते, पण तो दर वेळी सापडत नाही. म्हणून तुकड्याची जीनएक्स्पर्ट चाचणी व जंतुसंवर्धनही मागून घ्यावे. एवढ्यानेही उलगडा झाला नाही आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक क्षयाची औषधे सुरू केलीच, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले की नाही ते पाहण्याची तारीख आधीच ठरवून घ्यावी. पोट फुगून उलट्या होऊ लागल्या व वायूही सरेना झाला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पुण्याच्या ससून रुग्णालयाची वाट तर आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. क्रोन्स असणाऱ्याने विडी-सिगारेट सोडावीच. तिने हा रोग बळावतो.

त्या मुलाच्या तुकड्याने क्रोन्सचा दाखला दिला. औषध लागू पडून चार महिन्यांत पट्ट्याचे एक भोक मागे आले, तेव्हा वडिलांनी विचारले की घरचे दूध आता बंदच करावे काय. मी म्हणालो, पचत असेल तर बंद करू नका, त्याच्या हाडांना ते हवे आहे; पण गोठ्यात उभ्या उभ्या धारोष्ण दूध पिण्याची चाल घरातल्या सर्वांनी सोडा. मॅपचे काय ठरायचे ते ठरो, गुरांचा क्षय आणि ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून माणसाला होतो, यात शंका नाही. दूध चांगले वर येऊन उकळू द्या. धारेपूर्वी सड धुवा, गाय व्याल्याबरोबर वासरू कोरड्या, शेण नसलेल्या जागी हलवा, आणि ती झिजून गेलेली गाय जेथे बांधलेली होती त्या जागी एक वर्ष तरी लहान वासरू बांधू नका, कारण शेणामातीत मॅप जंतू कित्येक महिने जिवंत राहतो. ते उठता उठता म्हणाले, त्या दावणीला परवाच नवी कालवड बांधली आहे, आज संध्याकाळीच हलवतो.