मागाच्या बिडाचं टेबल, अंगणातली डोण

बागेत ठेवायला जुनं काही हवं असेल, तर भिवंडीकराने चोरबाजारात जाऊ नये. बीड आपल्या गावातच आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग एके काळी इथे आले, पत्र्याच्या शेडमध्ये दिवसरात्र खडखडले, आणि आता शटललेस माग आल्यावर भंगारात चालले आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंचे सांगाडे बिडाचे असतात. असे दोन सांगाडे आणि एक दगडी फरशी मिळाली की उभं आयुष्य टिकेल असं टेबल होतं. त्याच्या जोडीला एखादी दगडी डोण. एवढ्यावर थांबावं, बागेचं संग्रहालय करू नये.

खरेदीला जाताना छोटी हातोडी, टेप, जुना फडका, थोडं रॉकेल आणि खडूची पूड बरोबर घ्या. सांगाडा हातोडीने हलकेच ठोका. अखंड असेल तर आवाज मोकळा येतो, तडकलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द येतो. शंका आली तर तेवढी जागा घासून स्वच्छ करा, रॉकेलने पुसा, दोन मिनिटांनी कोरडी करा आणि वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटते. भंगारवाला हसेल, हसू द्या. तडकलेलं बीड साध्या रॉडने वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्याला निकेलचा रॉड लागतो, नाहीतर वेल्डिंगच्या शेजारीच नवी चीर जाते. उंचीही मोजा. बाकाची बैठक दीड फुटावर लागते, टेबल अडीच फुटांवर. मागाचा सांगाडा बाकाला बहुधा उंच पडतो, म्हणून मी टेबल म्हटलं.

घरी आणल्यावर खरी मेहनत. वर्षानुवर्षांचं तेल आणि कापसाचे तंतू मिळून सांगाड्यावर काळा थर बसलेला असतो, खरवडला तर नमद्यासारखा निघतो. तो रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने घासून काढा. वर जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि खरवडलेली घाण झाडांच्या मुळाशी टाकू नका. मग साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्या, कारण उघडं बीड खाडीच्या दमट हवेत रात्रीतून लालसर होतं. प्रायमर वाळल्यावर बिनचमकीच्या काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात द्या. पायांचे तळ विसरू नका, गंज तिथूनच चढतो. दुपारच्या तापलेल्या लोखंडावर रंग लावू नका, फोड येतात. हे सगळं मृग लागायच्या आधी उरकायला हवं.

फरशीऐवजी लाकूड हवं असेल, तर मोडलेल्या वाड्याचं सागवान बघा. टोच्या खुपसून पाहा, पोकळ आवाज किंवा भुसा आला की सोडून द्या. पट्ट्यांमध्ये बोटाच्या पेराच्या निम्मी फट ठेवा म्हणजे पाणी थांबणार नाही. अळशीचं तेल लावायचं तर पातळ, आणि उरलेलं पुसून घ्यायचं. जाड थराला पावसाळ्यात बुरशी येते. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून ठेवा.

आता डोण. गुरांना पाणी पाजायच्या या दगडी डोणी गोठे गेले तशा बिनकामाच्या झाल्या. जुनी डोण हाताला कळते: काठ गुरांच्या मानांनी गुळगुळीत झालेला, आत छिन्नीचे घाव बोथटलेले. ग्राइंडरच्या गोल रेघा दिसल्या की ती कालची. रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पातळी उतरलेली नसावी.

डोण स्वच्छ करायला पाणी आणि नारळाची शेंडी, बस्स. आमच्या डोणीला एका मिस्त्रीने माझ्या डोळ्यांदेखत अ‍ॅसिड लावलं आणि मी गप्प बसलो. आपल्या काळ्या दगडातल्या पांढऱ्या खड्यांच्या जागी भोकं पडली, कडेला तांबूस डाग आले, ते आजही आहेत. तारेचा ब्रशही नको, त्याचे कण दगडात अडकून गंजतात. शेवाळ राहू द्या, पायवाटेवरचं तेवढं काढा. खाली चार बोटं खडी पसरून डोण टेकवा. कमळ लावलंत तर गप्पी मासे सोडा. नुसतं पाणी असेल तर आठवड्यातून एक दिवस डोण पूर्ण कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास घरच्या घरी.

एका वस्तूला मात्र हात लावू नका. लोनाडच्या बाजूला लेणी आहेत, शिलाहारकाळचं देऊळ आहे, आणि या पट्ट्यात वीरगळ किंवा गधेगाळ शेताच्या बांधावर उभा दिसणं नवलाचं नाही. कोणी टेम्पोतून तसला कोरीव दगड आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. १९७२चा पुरावस्तू कायदा १९७६पासून लागू आहे. शंभर वर्षं वा त्याहून जुनं शिल्प पुरावस्तू ठरतं, त्याची नोंदणी करावी लागते आणि विकणाऱ्याकडे परवाना लागतो. स्वतःच्या जागेत खोदताना असं काही निघालं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पावसाळ्यात टेबलावर प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. उघडं राहू द्या. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या निमित्ताने नट-बोल्ट आवळा, रंग उडाला असेल तिथे तेवढाच डाग बुजवा. सगळा रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून करायची गरज नाही.