एका नटाची वाटचाल : रघुवीर यादव

नट म्हटला की भित्तिपत्रकावरचा भव्य चेहरा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. असे चेहरे थोडेच असतात. नाटक, दूरदर्शन मालिका आणि चित्रपट यांचे काम ज्यांच्या बळावर चालते, ते बहुसंख्य नट सुतार-गवंड्यांप्रमाणे आपल्या कसबावर पोट भरतात. अशाच एका कसबी नटाचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

जबलपूरच्या जुन्या वस्तीत बडा फुहारा नावाचा गजबजलेला चौक आहे. भोवती बाजार, जवळच सराफा आणि १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेली कमानिया वेस. दसऱ्याच्या दिवसांत याच रस्त्यांवरून देवीच्या मूर्तींची मिरवणूक निघते, रामलीलेची पात्रे सजतात आणि बाजाराचेच नाट्यगृह होते. या शहरात १९५७ साली एका शेतकरी कुटुंबात रघुवीर यादव यांचा जन्म झाला.

त्यांना नट व्हायचे नव्हते, गायक व्हायचे होते. शाळेत विज्ञान विषय वाट्याला आले आणि ते काही केल्या पचनी पडेनात. परीक्षेतील अपयशाला तोंड कसे द्यावे, या धास्तीने आपण घर सोडले, असे त्यांनीच मुलाखतींतून सांगितले आहे. (घरातून निघून जाणे हा काही शिक्षणाचा मार्ग नव्हे, परंतु त्यानंतर त्यांना जे लाभले ते मात्र शिक्षणच होते.) भटकत असता ते पारशी शैलीच्या एका फिरत्या नाटक कंपनीत दाखल झाले. पुढे नट म्हणून प्रसिद्धीस आलेले अन्नू कपूर यांच्या वडिलांची ही कंपनी. रोजची मजुरी अडीच रुपये. तेथे ते सुमारे सहा वर्षे राहिले.

‘पारशी रंगभूमी’ म्हणजे काय, हे येथे समजून घेऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी या नाटक कंपन्या काढल्या, म्हणून हे नाव. त्यांची भाषा मात्र पुढे बहुतांशी उर्दू-हिंदी राहिली. रंगवलेले पडदे, भरपूर गाणी आणि ठसक्यात म्हटलेले संवाद ही त्यांची ओळख. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपली किर्लोस्कर नाटक मंडळी आणि गंधर्व नाटक मंडळीही अशाच बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरत असत. ध्वनिक्षेपकाचा भरवसा नसलेल्या तंबूत शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द पोहोचवायचा, तर श्वास पोटातून घ्यावा लागतो. गळा ताणून चालत नाही. दुसऱ्या प्रयोगालाच तो बसतो. रोज रात्री नवे गाव, नवा प्रेक्षक. कंटाळलेला प्रेक्षक उठून जाताना नटाला दिसतो आणि चूक तेथेच कळते.

यानंतर यादव दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि १९७७ साली त्यांनी तेथील अभ्यासक्रम पूर्ण केला. पुढे त्याच संस्थेच्या रंगमंडळात त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ काम केले. रंगमंडळ म्हणजे पगारी कलावंतांचा संच. आज एका नाटकातला राजा, उद्या दुसऱ्यातला नोकर; भूमिका लहान म्हणून पगार कमी होत नाही आणि मोठी म्हणून मान वाढत नाही. माझ्या मते त्यांची खरी घडण येथेच झाली.

१९८५ साली प्रदीप कृष्ण यांच्या ‘मॅसी साहिब’ या चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. ब्रिटिश अमदानीतील मध्य भारत, एक सरकारी कचेरी आणि साहेबाच्या थाटाने वावरू पाहणारा एक देशी कारकून असे हे कथानक. तंबूतला आवाज कॅमेऱ्यापुढे उपयोगी नाही. कॅमेरा नटाच्या दीड हातावर असतो, तेथे पापणी लवली तरी ते बोलणे ठरते. ज्याने वर्षानुवर्षे दूरच्या प्रेक्षकासाठी हातवारे मोठे केले, त्याला ते आवरते घ्यावे लागतात. यादव यांना ते साधले. १९८७ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर त्यांना मिळाला.

तरीही घरोघरी नाव झाले ते दूरदर्शनमुळे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या आणि प्रकाश झा यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ (१९८९-९०) या मालिकेत ते कारकून झाले. हा गरीब कारकून जागेपणी मान खाली घालून असतो आणि स्वप्नात मात्र शूर, श्रीमंत होतो. एकाच माणसाची ही दोन रूपे दाखवताना त्यांनी वेशाइतकाच पाठीच्या कण्याचा उपयोग केला, हे नीट पाहिल्यास ध्यानात येते.

चित्रपटांत त्यांच्या वाट्याला बहुधा दुय्यम भूमिका आल्या. ‘सलाम बॉम्बे’ (१९८८), ‘रुदाली’, ‘बँडिट क्वीन’, ‘लगान’ (२००१), ‘पीपली लाइव्ह’ (२०१०), ‘न्यूटन’ (२०१७) हे सारे चित्रपट भारताने ऑस्करसाठी पाठवले. त्यांत नायक दुसराच होता. तथापि ‘लगान’मधील कोंबड्या पाळणारा भूरा कोण विसरेल? ‘पीपली लाइव्ह’मधील महागाईवरचे गाणे तर त्यांनी स्वतःच गायिले. गायक होण्याची लहानपणची हौस अशी आडवाटेने पुरी झाली.

२०२० साली इंटरनेटवर ‘पंचायत’ ही मालिका सुरू झाली. तीत निवडून आलेल्या सरपंच बाईंच्या वतीने कारभार हाकणाऱ्या पतीची भूमिका यादव यांनी केली. बाईंच्या भूमिकेत नीना गुप्ता होत्या आणि त्याही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्याच. ‘मुंगेरीलाल’ ज्यांनी पाहिलाही नव्हता, ती मुले साठी उलटलेल्या या नटाला ‘प्रधानजी’ म्हणून ओळखू लागली.

कृती : यांपैकी कोणत्याही मालिकेतील किंवा चित्रपटातील एक प्रसंग प्रथम आवाज बंद करून पाहा, नंतर डोळे मिटून ऐका. नटाचे शरीर काय सांगते आणि आवाज काय सांगतो, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.