पॅडलवरून पाय काढण्याआधी

अगं, व्हील वॉकचा व्हिडिओ पाठवलास आणि खाली लिहिलंस, "ताई, मला हे या महिन्यातच जमायला हवं." जमेल तुला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त महिन्याचा हट्ट सोड. दोन्ही पाय पॅडलवरून उचलून टायरवर ठेवायचे आणि टायर पावलांनी ढकलत पुढे जायचं, हे दिसायला किती देखणं असतं ते मला माहीत आहे. तू आता एकचाकीवर कुणाचा आधार न घेता चढतेस, कोर्टाला सलग चकरा मारतेस. इथून पुढे कसं जायचं ते आज निवांत सांगते. मैदानावर सगळ्यांसमोर बोलता येत नाहीत अशाही काही गोष्टी आहेत, त्याही सांगून टाकते.

सगळ्यात आधी आयडलिंग. जागच्या जागी चाक पुढे-मागे हलवत राहायचं, बस. तुला ते कंटाळवाणं वाटतं, म्हणून तू त्याला बगल देतेस, हे तुझ्या व्हिडिओंवरून कळतं. पण पुढची जवळजवळ प्रत्येक करामत त्यातूनच निघते. आपल्या सायकलला ना चेन, ना फ्रीव्हील. क्रँक थेट हबला जोडलेले. पाय थांबला की चाक थांबतं, पाय मागे नेला की चाक मागे जातं. तोल जाऊ लागला की चाक पुन्हा अंगाखाली आणायचं, एवढाच उपाय आपल्या हातात असतो. सरळ चालवताना तू हे फक्त पुढच्या दिशेने करत असतेस. मागे झुकलीस की तुझ्याकडे काही उत्तर नसतं, तू उतरतेस. ते उत्तर आयडलिंगमध्ये मिळतं.

करायचं कसं, ते नीट ऐक. कोर्टाच्या जाळीला किंवा रेलिंगला एक हात धर. एक पॅडल अगदी तळाला आण. काम करायचं ते या खालच्या पायाने, वरच्या पायाने नुसती सोबत करायची. खालचा पाय पुढे सरकव, क्रँक जमिनीला समांतर झाला की मागे घे, मागच्या बाजूलाही तसाच समांतर होईपर्यंत ने. अर्धाच फेरा. डोकं आणि खांदे स्थिर, खाली चाक लंबकासारखं हलतंय. वजन सीटवर. वरच्या पायाने जोर लावलास की दोन्ही पाय एकमेकांविरुद्ध ढकलू लागतात, चाक मधेच अडकतं आणि तू पुढे फेकली जातेस. नजर टायरवर नको, समोरच्या एखाद्या खांबावर ठेव. जाळीवरचा हात आधी मुठीचा, मग बोटांचा, मग एका बोटाचा, असा कमी करत जा.

आणि हे सगळं डाव्या पायानेही कर. माझं खरं सांगणं हेच आहे, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. प्रत्येकीचा एक पाय लाडका असतो. तुझा उजवा आहे. उजव्याने आयडलिंग बसलं की डाव्याकडे जायला मन तयार होत नाही, कारण पुन्हा पहिल्या दिवसासारखं वाटतं. पण तीन-चार महिन्यांनी एका पायावर चालवायला, ग्लाइड करायला, चढायच्या निरनिराळ्या पद्धती शिकायला लागशील, तेव्हा कच्चा पाय प्रत्येक ठिकाणी आडवा येईल. शिवाय एकाच मांडीवर आणि एकाच गुडघ्यावर सतत भार देणं शरीरालाही बरं नाही. म्हणून सराव डाव्या पायानेच सुरू कर. ताजी असतेस तेव्हा कच्च्या पायाला वेळ दे, दमलीस की लाडक्याकडे वळ.

आयडलिंग पक्कं झालं की उलटं चालवणं वेगळं शिकावं लागत नाही. मागे जाताना अर्ध्या फेऱ्यावर न थांबता पूर्ण फेरा घे आणि पुन्हा आयडलिंगवर ये. मग दोन फेरे, मग तीन. मागे कोण आहे ते आधीच बघून घे आणि हेल्मेट घातल्याशिवाय उलटी जाऊच नकोस. पुढे पडताना आपण पायांवर उतरतो, मागे पडताना माकडहाड आणि डोकं सापडतं.

एका पायाचं चालवणं त्यानंतर. इथे तुझ्या सायकलची फ्रेम बघ. चाकाच्या वर फोर्कला चौकोनी, सपाट खांदे आहेत, ते मोकळा पाय ठेवण्यासाठी फार सोयीचे. गोल खांद्याच्या फ्रेमवर पाय घसरतो. आधी दोन्ही पाय पॅडलवरच ठेवून एका पायातला जोर काढून टाक, नुसता टेकलेला राहू दे. मग तो उचलून फ्रेमच्या खांद्यावर ठेव. उरलेल्या पायाने खाली जाताना नेहमीपेक्षा थोडा जास्त रेटा द्यायचा आणि वर येताना पाऊल हलकं करून चाकाच्या गतीने वर येऊ द्यायचं. वर येतानाही दाबत राहिलीस तर तूच तुझं चाक रोखशील.

आता तुझा व्हील वॉक. पॅडल नाही, म्हणजे टायर आणि बुटाचा तळवा यांच्यातली पकड हेच सगळं. सपाट तळव्याचे बूट घाल, लेस आत खोच. टायर कमी नक्षीचा असावा आणि कोरडा असावा. पावसाळ्यात ओल्या टायरवर हे करू नकोस. भिंतीला हात लावून बस, एकेक पाऊल उचलून फ्रेमच्या पुढे टायरवर ठेव. पावलं टायरच्या मधोमध हवीत, कारण क्रँक दोन्ही बाजूंना फिरतच असतात आणि पाय बाहेर गेला की पॅडल घोट्यावर बसतं. छोटी छोटी पावलं टाक, एक पाऊल ढकलतंय तोवर दुसरं टायरवर टेकलेलं असू दे. सुरुवातीला अंग किंचित पुढे ठेव. पाय आधीच पुढे असल्याने पुढे पडलीस तर उभी राहतेस. मागे राहिलीस तर चाक खालून निसटतं आणि सरळ बसकण होते.

ग्लाइड मला या सगळ्यांत जास्त आवडतो. एक पाय फ्रेमवर, दुसऱ्या पावलाचा पुढचा भाग टायरवर, आणि ढकलायचं काहीच नाही. चाक आपोआप घरंगळतं आणि पावलाच्या घर्षणावर तोल राहतो. अंग मागे गेलं की पाऊल दाबायचं: चाक मंदावतं, तू चाकावर परत येतेस. अंग पुढे गेलं की पाऊल सैल सोडायचं: चाक वेग घेऊन तुझ्या खाली येतं. पण वेग घ्यायला त्याला उतार हवा. सपाट जमिनीवर चाकाचा वेग कमी करता येतो, वाढवता येत नाही, म्हणून तिथे ग्लाइड लवकर विझतो. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगचा सौम्य उतार याला उत्तम आहे, पण गेटच्या बाजूला तोंड करून नको. वॉचमनकाकांना सांगून गाड्या नसतील ती वेळ ठरव.

युनिस्पिन आणि क्रँकफ्लिप एवढ्यात नको. एकात उडी मारून खाली सायकल फिरवायची असते, दुसऱ्यात हवेत क्रँकचा पूर्ण फेरा घालून पॅडलवर उतरायचं असतं. तुझ्या सायकलचा हब साधा, चौकोनी दांड्याचा आहे. उड्या मारून त्याचे क्रँक सैल होतात. त्यासाठी दातेरी दांड्याचा मजबूत हब लागतो, आणि नडगीला गार्ड लागतात. गार्डशिवाय पॅडलच्या खिळ्यांनी नडगी सोलून निघते.

एक बारीक गोष्ट मात्र आजच तपास. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. सीट चुकून उलटी बसवली की डावं-उजवं बदलतं, चालवताना पॅडल सैल होत जातं आणि आटे कायमचे खराब होतात. क्रँकच्या टोकावर किंवा पॅडलच्या दांड्यावर डाव्या-उजव्याची खूण असते. ती बघून सीटचं पुढचं टोक कुठे आहे ते जुळवून घे.

आता आतल्या गोष्टी. एकचाकीवर सगळं वजन सीटवर येतं, त्यामुळे मुलींना तिथे दुखतं, सोलवटतं, कधी बधिरपणा येतो. लाजून सहन करू नकोस. बधिरपणा आला की लगेच उतर, चाल, सीटची उंची आणि कल बदलून बघ. टाच तळाच्या पॅडलवर ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ होईल एवढी उंची ठेव. सायकलिंगची पॅड असलेली शॉर्ट घे आणि ती आत काही न घालता घालायची असते, कारण निकरच्या शिवणीनेच घासतं. वर सैल कुर्ता चालेल, ओढणी मात्र घरी. पाळीच्या दिवसांत बसवत नसेल तर बसू नकोस, आणि बसवत असेल तर कुणी नाही म्हटलं म्हणून थांबूही नकोस.

आईचं म्हणणं असं की ही सर्कशीतली कामं आहेत. तिच्यावर चिडू नकोस. आपल्याकडे एकचाकी तिने तिथेच पाहिली आहे. तिला सांग, जपानमधल्या प्राथमिक शाळांच्या आवारात एकचाकी सायकली ओळीने टांगलेल्या असतात, मधल्या सुट्टीत मुलं त्या काढतात, त्यातही मुली पुढे. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने 1989 मध्ये त्या शालेय खेळांत आणल्या. एकचाकीची जागतिक स्पर्धा, युनिकॉन, 1984 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये सुरू झाली. तिथे संगीताच्या तालावर एकट्याने, जोडीने आणि गटाने कार्यक्रम करायचे असतात आणि त्यात जपानी मुलींचा दबदबा आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने कौशल्याच्या 10 पायऱ्या आखल्या आहेत. पहिल्या पायरीला स्वतः चढून 50 मीटर जायचं आणि नीट उतरायचं. ते तू करतेसच. आईला हे नुसतं सांगू नकोस, एकदा मैदानावर घेऊन ये आणि रेलिंगपाशी तुझा हात धरायला लाव. मुलगी कशी पडते आणि कशी उभी राहते ते जवळून पाहिलं की धाक निम्मा होतो. हातमोजे, मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट मात्र तिच्यासमोरही घाल, तिच्या मागेही.

आणखी एक कर माझ्यासाठी. कोर्टाच्या कडेला ज्या लहान मुली रोज तुला बघत उभ्या असतात, त्यांना बोलाव. एकीला सीटवर बसव, दोन्ही हात धरून चार पावलं ने. त्यांच्यासाठी तुझी सीट अगदी खाली केलीस तरी 20 इंची चाकावर सहा-सात वर्षांच्या मुलीचे पाय बहुधा पुरणार नाहीत. तिला 16 इंची सायकल लागेल.