'चर्च' आणि 'मंडळी' ह्या शब्दांविषयीं

ख्रिस्ती उपासनेच्या घराला युरोपांतील भाषांत जीं नांवें आहेत, त्यांत दोन मोठीं कुळें दिसतात. इंग्रजी 'चर्च', स्कॉटलंडांतील 'कर्क', जर्मन 'किर्ख' हीं एका कुळाचीं. त्यांचें मूळ ग्रीक 'कुरिआकोन', म्हणजे प्रभूचें (घर). फ्रेंच 'एग्लीझ', स्पॅनिश 'इग्लेसिया' व पोर्तुगीज 'इग्रेजा' हीं दुसऱ्या कुळाचीं. त्यांचें मूळ 'एक्क्लेसिया'. गोव्यांत 'इगर्ज' म्हणतात तो शब्द पोर्तुगीजांबरोबरच आला. रूमानियन लोकांचा 'बिसेरिका' मात्र ह्या दोहोंतला नव्हे. तो रोमी सभागृहाच्या 'बासिलिका' ह्या नांवावरून झाला.

'एक्क्लेसिया' हा शब्द ख्रिस्ती लोकांनीं घडविला नाहीं. अथेन्स नगरांत नागरिकांची जी सभा युद्ध, तह व कायदे ठरवीत असे, तिचें तें नांव. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १९ ह्यांत इफिस येथील नाटकगृहांत आरडाओरड करणाऱ्या जमावालाही लूकानें हाच शब्द लाविला आहे! म्हणूनच पौलास 'देवाची' एक्क्लेसिया असें स्पष्ट लिहावें लागलें असावें. 'प्रभूचें' हा शब्दही नव्या करारांत दोनच ठिकाणीं येतो, एकदां भोजनाविषयीं व एकदां दिवसाविषयीं; इमारतीविषयीं कोठेंच नाहीं.

ह्या शब्दावरून इंग्लंडांत मोठा वाद झाला. विल्यम टिंडेल ह्यानें १५२६ सालीं छापलेल्या नव्या करारांत 'चर्च' न लिहितां 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेले लोक, असें लिहिलें. सर थॉमस मोर ह्यांनीं १५२९ सालीं त्यावर कडक टीका केली. लोकांचा समुदाय हीच मंडळी ठरली, तर धर्माधिकाऱ्यांच्या सत्तेस धक्का बसतो, हें त्यांस दिसत होतें. टिंडेलास पाखंडी ठरवून १५३६ सालीं गळा आवळून मारिलें व त्याचा देह जाळिला. पुढें १६११ चें भाषांतर करणाऱ्यांस 'चर्च' हाच शब्द राखण्याचा नियम घालून दिला होता. आमच्या मतें टिंडेलाचा शब्द मुळास अधिक धरून होता. जर्मनींत ल्यूथरानेंही १५२२ सालीं समुदाय ह्या अर्थाचाच शब्द घातला होता.

मराठी शास्त्रांत 'मंडळी' आहे, ही आमच्या भाषेची सोय होय. पंक्तीस बसलेल्या माणसांसही आपण मंडळीच म्हणतों. तरी "आमच्या गांवीं देऊळ नाहीं, मग मंडळी कोठची?" असें कित्येक बंधु विचारितात. त्यांनीं रोमकरांस पत्र, अध्याय १६, वचन ५ काढून पाहावें. तेथें प्रिस्का व अक्विला ह्या तंबू करणाऱ्या जोडप्याच्या घरांतील मंडळीस पौल सलाम सांगतो.